वैरणीचा नियम

श्रीगोंद्याच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली ती सत्तर साली. खोली बघायला म्हणून ट्रंक घेऊन मी सांगितलेल्या घरी गेले, तर अंगणात एक बैल आडवा पडला होता आणि त्याच्या फुगलेल्या पोटाला कान लावून एक माणूसही मातीत आडवा झाला होता. पांढरा शर्ट, खाकी पँट, केस लष्करी माणसासारखे अगदी बारीक कापलेले. भोवती चार-पाच शेतकरी श्वास रोखून उभे. मी चपला वाजवत आत शिरले तसा तो माणूस म्हणाला, “जरा दम धरा. घाई करू नका. होईल सगळं नीट.”

मी मुकाट्याने ट्रंकेवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की ते मला उद्देशून नव्हतंच. ते बैलाला सांगत होते.

हे ठाणगे डॉक्टर. जनावरांच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर. त्या घराच्या पुढच्या चार खोल्या त्यांच्या, मागची एक खोली माझी. मधे सामायिक अंगण. म्हणजे अंगण नावाला सामायिक, खरं तर ते दवाखान्यात न मावलेल्या बैलांचं आणि म्हशींचं. डॉक्टर माणसांशी मोजकं बोलत आणि जनावरांशी अहो-जाहो करून भरपूर बोलत. “पाय उचला बघू. शाब्बास. आता दुसरा.” गावातल्या बायका पदराआड हसायच्या. पण डॉक्टरांनी पाय उचलायला सांगितल्यावर म्हैस पाय उचलायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

कुठेही गेले तरी त्यांची नजर आधी गोठ्याकडे जाई. वैरणीच्या पेंढीतून काडी उपसून नाकाशी धरायचे आणि सांगायचे, ही कुजायला लागली आहे, ही घालू नका. कुणी जनावराच्या ताकदीची, चालीची, शिंगांची तारीफ करायला लागला की मधेच तोडून विचारायचे, “ते सगळं असू दे. पोटात काय आहे?” माणसांच्या बाबतीतही त्यांचा पहिला प्रश्न तोच असे. शाळेतून वैतागून घरी आले की मी मालतीवहिनींपुढे, म्हणजे त्यांच्या पत्नीपुढे, मुख्याध्यापिकेविरुद्ध तक्रारींचा पाढा वाचायची. डॉक्टर बाहेरूनच विचारायचे, “बाई, सकाळी काय खाल्लं होतं?” आणि बहुतेक वेळा मी काही खाल्लेलं नसायचं.

पूर्वी ते लष्करात होते. सरहद्दीवरच्या डोंगरात खेचरांच्या तुकडीबरोबर त्यांनी काही वर्षं काढली होती. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. पण त्या वर्षांनी त्यांना काय दिलं ते मला पहिल्याच रविवारी कळलं.

दुपारची जेवणं झाली आणि ओटीवर एक प्रचंड कापड पसरलं गेलं. मांजरपाटाचे चार तुकडे शिवून केलेला पट. त्यावर नर्मदेपासून कृष्णेपर्यंतचा सगळा मुलूख हाताने काढलेला. नद्या दवाखान्यातल्या जांभळ्या औषधाने, डोंगर आयोडिनने. चिंचोके म्हणजे पायदळ, इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं म्हणजे घोडेस्वार, रिकाम्या बाटल्या म्हणजे तोफा. आणि कवड्या म्हणजे बैलांचा तांडा, फौजेमागून धान्य आणि वैरण वाहणारा. फासा टाकायचा, फौजा हलवायच्या, गड घ्यायचे, एकमेकांची वाट अडवायची. एक डाव कधीकधी चार-चार रविवार चालायचा. आज मुलं पडद्यावर असले लढायांचे खेळ खेळतात तेव्हा मला नवल वाटत नाही. मी ते सत्तर साली श्रीगोंद्यात बघितले आहेत, आयोडिनच्या वासासकट.

खेळायला ठरलेली माणसं असत. एक गुगळे वकील. तालुक्याच्या कोर्टात वकिली करायचे आणि उरलेला सगळा वेळ इतिहास वाचायचे. दुसरे एसटी स्टँडजवळ सायकलचं दुकान असलेले इस्माईलभाई. त्यांच्याकडे जिनांच्या, जादूगारांच्या, बोलणाऱ्या पक्ष्यांच्या गोष्टींचा न संपणारा साठा होता. तिसऱ्या मालतीवहिनी. चौथे डॉक्टर. मी कडेला बसून बघायची, फार तर कुणी उठून गेलं तर त्याच्या जागी फासा टाकायची.

त्या पटावर डॉक्टरांनी बाकी सगळ्या बाबतीत सूट दिली होती. तोफ किती लांब मारते, गडाला किती दरवाजे, कुठला सरदार कुणाच्या बाजूचा, याची त्यांना फिकीर नव्हती. गुगळे वकील त्यावरून हैराण व्हायचे. “डॉक्टर, हा गड तेव्हा मोगलांकडे नव्हताच!” डॉक्टर म्हणायचे, “आज आहे.” पण एक नियम मात्र दगडावरची रेघ होता. प्रत्येक मजलेला, म्हणजे दिवसभराच्या चालीला, फौजेला वैरण आणि पाणी मिळालंच पाहिजे. नाही मिळालं तर पहिल्या फाशाला घोडे मंदावणार, दुसऱ्याला बसणार, तिसऱ्याला बुचं उचलून डब्यात. तिथे दयामाया नाही.

“अहो डॉक्टर,” इस्माईलभाई कळवळून म्हणायचे, “आम्ही इथं लढायला येतो का वैरण टाकायला?”

“लढाई एक दिवस असते, इस्माईलभाई. घोडा रोज खातो.”

मालतीवहिनींचं मागणं तर दर रविवारी ठरलेलं. “मला एक उडता घोडा द्या.”

“काय खातो तो?”

“वारा.”

“आणि पाणी?”

“ढगातलं पितो.”

“आणि लीद कुठं टाकतो?”

“तुमच्या पटावर!” वहिनी म्हणायच्या आणि सगळे हसायचे. डॉक्टरही हसायचे. पण घोडा काही मिळायचा नाही.

एका पावसाळ्यात गुगळे वकिलांनी असा डाव मांडला की आम्ही सगळे बघत राहिलो. त्यांनी सगळ्यांशी तह केले, सगळे मोडले, आणि अफाट घोडदळ घेऊन ते दक्षिणेकडे निघाले. आता त्यांना अडवणारं पटावर कुणी नव्हतं. डॉक्टरांकडे तर उरले होते मूठभर चिंचोके. पण वकिलांनी घाईत बैलांचा तांडा मागे ठेवला होता, आणि डॉक्टरांनी ते मूठभर चिंचोके नेऊन घाटाच्या तोंडाशी ठेवले. घोडदळ पुढे, कवड्या मागे. मधे फक्त तेवढे चिंचोके. पहिला फासा, दुसरा, तिसरा. डॉक्टर एकेक करून वकिलांची बुचं उचलून डब्यात टाकत होते. त्या बुचांचा डब्यात पडल्याचा आवाज मला अजून आठवतो. एकही लढाई न होता वकिलांची फौज संपली.

“याला खेळ म्हणत नाहीत,” वकील उठून उभे राहिले. “याला हिशेबनिसाची नोकरी म्हणतात.” चपला घालून ते निघून गेले आणि पुढचे काही रविवार आलेच नाहीत.

शेवटी डॉक्टरच पट गुंडाळून त्यांच्या घरी गेले. वहिनींनी मलाही सोबत नेलं होतं. वकील तयारीतच होते. तोंडावर राग नव्हता, उलट कोर्टात जोरदार मुद्दा हाती लागल्यासारखा उजेड होता.

“डॉक्टर, तुम्ही खरेपणाच्या गोष्टी करता ना? मग सांगा, फौजांना वैरण कुठून मिळायची?”

“तांड्याकडून.”

“थोडी. बाकीची?”

डॉक्टर काखेतल्या गुंडाळलेल्या पटाकडे बघू लागले.

“गावातून. वाटेवरची गावं लुटून खायच्या फौजा. कणग्या, गंजी, गोठे, सगळं. तुमच्या पटावर नद्या आहेत, डोंगर आहेत, गड आहेत. गावं कुठं आहेत?”

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा एकदम पालटला होता. हरलेल्या माणसाचा नव्हता तो. इतकी वर्षं रोज वापरलेल्या घरात एक न उघडलेली खोली सापडावी तसा होता. “बरोबर आहे,” ते हळूच म्हणाले. “गावं राहिलीच.” मग वकिलांना त्यांनी अगदी मनापासून नमस्कार केला.

पुढच्या रविवारी पटावर गावं आली. ज्वारीचे दाणे. फौज गावावरून गेली की दाणा उचलायचा आणि फौजेची एका मजलेची वैरण भागायची. नियम अगदी खरा होता आणि खेळ वेगवान झाला. इस्माईलभाई खूष, वकील खूष. पण दोन तासांत बघता बघता पटाचा मधला सगळा भाग दाण्यांवाचून रिकामा झाला. मालतीवहिनींची पाळी आली. त्यांच्या फौजेपुढे एकच दाणा होता. तो उचलला असता तर त्या जिंकत होत्या. त्यांनी फासा खाली ठेवला.

“मी गाव खाणार नाही,” त्या म्हणाल्या.

“अगं, ज्वारीचा दाणा आहे तो.”

“तुम्हीच म्हणालात ना, गाव आहे म्हणून?” त्या उठून चहा करायला गेल्या.

डॉक्टरांनी सगळे दाणे गोळा केले आणि कोंबड्यांना टाकले. त्या दिवसापासून पट पुन्हा गावांवाचून राहिला. वकिलांनीही हट्ट धरला नाही. एकाहत्तरच्या डिसेंबरात खरं युद्ध पेटलं, नगरहून रणगाडे आगगाडीवर चढून गेले, आणि इस्माईलभाईंनी उत्साहाने सुचवलं, की आता हेच युद्ध पटावर मांडू. डॉक्टरांनी पट गुंडाळून माळ्यावर टाकला. “तिकडं पोरं आहेत,” एवढंच म्हणाले. युद्ध संपेपर्यंत रविवारी आम्ही नुसते शेंगा खात बसलो.

मग बहात्तर आलं. पाऊस झाला नाही. त्याच्या आधीचाही काही खरा नव्हता.

भीमेच्या काठाला गुरांची छावणी पडली आणि डॉक्टरांची नेमणूक तिथे झाली. आठ-आठ दिवस ते घरी येत नसत. वैरणीचे ट्रक यायचे, पण पाणी भीमेच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यांचं. तो खड्ड्यांतला पाझर उन्हाळा लागला तसा आटत चालला. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात डॉक्टर घरी आले ते ओळखू येईनात. वहिनींनी ताट वाढलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, “पाणी पुरत नाही. अर्धी गुरं हलवली तर उरलेली जगतील. हलवली नाहीत तर सगळीच जातील.”

घोड नदीच्या कालव्याला अजून पाणी होतं. पण तिथवर जायचं तर तीन मजलांचा कोरडा माळ, आणि गुरांना न्यायला ट्रक नव्हते. चालवतच न्यायची.

शाळेला सुट्टी होती. वहिनी पिठाचे डबे आणि औषधांच्या पेट्या घेऊन छावणीवर निघाल्या, त्यांच्यासोबत मीही गेले. तिथे त्या दिवशी जे बघितलं ते मी अजून पुरतं सांगू शकत नाही. पहाटे उजाडताच डॉक्टर एका बाभळीजवळ उभे राहिले. एकेक जनावर त्यांच्यापुढून चालत न्यायचं. ते चार पावलं बघायचे, कधी मानेवरून हात फिरवायचे, आणि सांगायचे, “जाईल.” किंवा, “राहील.” एवढेच दोन शब्द. ऊन डोक्यावर आलं, कलतं झालं, तरी ते बसले नाहीत. प्रत्येक जनावरामागे त्याचा मालक, आणि मालकाचे डोळे डॉक्टरांच्या ओठांवर. मी खूप हुशार माणसं पाहिली आहेत पुढे आयुष्यात. पण इतक्या माणसांचं भलंबुरं तोंडात घेऊन असा दिवसभर सरळ उभा राहिलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

किसनतात्या नावाचे एक म्हातारे शेतकरी जोडी घेऊन आले. दोन्ही बैल पांढरे, एकाच्या कपाळावर तांबूस चांद, म्हणून तो चांद्या. साध्या बैलाला डॉक्टर म्हणाले, “जाईल.” चांद्याला बघून थांबले. पुन्हा चालवायला लावलं. “राहील.”

“डाक्टर, आसं करू नगा,” तात्या म्हणाले. “वासरं हुती तवापासून एका दावनीला हायती. जोडी फुटली तर दोन्ही बी मरत्याल.”

डॉक्टरांनी त्या दोन बैलांकडे किती तरी वेळ बघितलं. मग म्हणाले, “जाईल.” त्या सबंध दिवसात त्यांनी एकदाच शब्द फिरवला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कळप निघाला. इस्माईलभाई दुकानातल्या सायकली आणि ओळखीचे चार जण घेऊन आले होते. ते पुढे जाऊन बघून यायचे, कुठे पाणी आहे, कुठे सावली आहे. गुगळे वकील पुढच्या गावांच्या सरपंचांना भेटून वाट मोकळी करून ठेवायचे. कुणी कुणाला काम वाटून दिलं नव्हतं. मालतीवहिनी आणि मी मागच्या बैलगाडीत. डॉक्टर पायी, कळपाच्या अगदी पुढे.

पहिली मजल ठीक झाली. दुसऱ्या मजलेला ज्या तळ्यावर भरवसा होता त्याचा नुसता चिखल झाला होता. इस्माईलभाई आले ते सायकल बाजूला फेकूनच. “डॉक्टर, तळं गेलं. पण पलीकडे वाडी आहे. विहिरीत पाणी आहे, मी बघून आलो.”

वाडी जवळ आली आणि गुरांना वास लागला. सगळ्या माना एकदम तिकडे वळल्या. काठ्या घेतलेली माणसं कशीबशी त्यांना धरून होती. डॉक्टर आणि वकील पुढे गेले. आमची गाडीही वाडीच्या तोंडाशी पोचली होती. विहिरीवर बायकांची रांग होती. भांडण झालं नाही, कुणी आडवं आलं नाही. एक मध्यम वयाची बाई, कडेवर पोर घेतलेली, पुढे झाली आणि म्हणाली, “पाजा की डाक्टर. मुकी जनावरं हायती, न्हाई कसं म्हनावं? पर सांजच्याला आमची लेकरं काय पितील, तेवढं सांगून जावा.”

डॉक्टर विहिरीच्या काठावर वाकले. पाणी खाली, अगदी खाली, परातीएवढं चमकत होतं. ते किती वेळ तसेच वाकून होते कोण जाणे. वकील त्यांच्या शेजारी उभे होते, पण त्यांच्याकडे बघत नव्हते. मग डॉक्टर सरळ झाले, त्या बाईला हात जोडले आणि मागे येऊन म्हणाले, “वळवा. वाडीला वळसा घालून चला.”

गुरं वळेनात. ओढून, ढकलून, गळ्याला मिठ्या मारून माणसांनी ती वळवली. किसनतात्या धावत डॉक्टरांपुढे आले.

“पानी दिसत हुतं डाक्टर! डोळ्यानं दिसत हुतं! तुमी पाजू दिलं न्हाई!”

डॉक्टर उभं राहून ऐकत होते. आणखीही काही जण बोलले, शिव्याही दिल्या. ते सगळ्यांचं बोलून होईपर्यंत थांबले आणि मग पुन्हा कळपाच्या पुढे जाऊन चालू लागले.

दुपार कलताना चांद्या बसला. उठला नाही. डॉक्टरांनी कळप इस्माईलभाईंबरोबर पुढे पाठवला आणि स्वतः त्याच्याजवळ मातीत बसले. त्याच्या कानाशी तोंड नेऊन काही तरी बोलत राहिले. काय ते कुणालाच ऐकू आलं नाही. पलीकडून तात्या बसले होते. सगळं संपल्यावर तात्यांनीच तोंड उघडलं.

“तुमी राहील म्हनला हुता. म्याच आनला त्याला.”

“नाही तात्या,” डॉक्टर म्हणाले, “शेवटचा शब्द माझा होता. मी ‘जाईल’ म्हणालो.”

तात्यांनी डोक्याचं मुंडासं सोडलं आणि बैलाच्या तोंडावर पांघरलं. मग दोघे उठले आणि बरोबर चालू लागले. तात्यांचा हात दुसऱ्या बैलाच्या पाठीवर होता आणि डॉक्टरांचा तात्यांच्या.

वाटेत आणखीही काही गुरं पडली. पण तिसऱ्या दिवशी कळप कालव्याला लागला. तहानलेलं जनावर एकदम पाणी प्यालं तर मरतं, म्हणून डॉक्टर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून थोडी थोडी गुरं आत सोडत होते, हाकलत होते, पुन्हा सोडत होते. सगळ्यांचं होऊन गेलं तरी ते पाण्यातच उभे. शेवटी वहिनी साडी वर खोचून पाण्यात उतरल्या आणि तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. “प्या आता. थोडं थोडं. तुम्हीही जनावरच आहात.” तेव्हा ते प्यायले.

त्या पावसाळ्यात पिकलं. माणसं पूर्वीसारखी बोलू-हसू लागली. पण पट माळ्यावरच होता, आणि तो काढा असं म्हणायचं धाडस कुणाला होत नव्हतं. दिवाळीनंतर एका रविवारी डॉक्टरांनीच सगळ्यांना निरोप धाडले. आम्ही जमलो, तर ओटीवर नवं कोरं कापड पसरलेलं. मुलूख ओळखीचा नव्हता. नद्या वर चढत होत्या, एक डोंगर चालत होता असं दिसत होतं, आणि समुद्राच्या मधोमध एक झाड होतं. डॉक्टरांनी खिशातून एक लाकडी घोडा काढला. पाठीला कोंबडीची दोन पिसं चिकटवलेली. तो त्यांनी मालतीवहिनींपुढे ठेवला.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. “काय खातो हा?” त्यांनी विचारलं, पण नेहमीसारखं नव्हे.

“काही नाही.”

“पाणी?”

“लागत नाही.”

इस्माईलभाईंना एक जिन मिळाला, दुपारी झोपणारा. वकिलांना एक म्हातारी, जिला तिन्ही काळांचं दिसतं पण ऐकू येत नाही. वकील पट न्याहाळत होते. “डॉक्टर, वैरणीचा नियम?”

“काढला.”

“काढला म्हणजे?”

“आजपासून इथं कुणाला भूक लागत नाही.”

ज्या नियमापायी वकील एकदा रागावून निघून गेले होते त्याच्यासाठी आता तेच भांडायला उठले. “अहो, पण मग डोकं कुठं लावायचं? मागे काही सांभाळायलाच नसेल तर पुढे जाण्याला अर्थ काय?”

“लावू नका डोकं, वकीलसाहेब. खेळा,” डॉक्टर म्हणाले. मग फासा त्यांच्यापुढे सरकवत, “मला खेळायचं आहे हो.”

त्यावर वकील बसले आणि त्यांनी फासा उचलला.

त्या दुपारी ओटीवर जो दंगा झाला तसा आधी कधीच झाला नव्हता. डोंगर चालत येऊन गडावर बसला. जिन ऐन लढाईत झोपला. उडत्या घोड्यावरून वहिनींनी वकिलांची म्हातारी पळवून नेली. डॉक्टर अत्यंत वाईट खेळत होते आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मी त्यांना तीन वर्षं ओळखत होते, पण त्यांचे मागचे दात मला त्या दिवशी दिसले. पटावर ठिकठिकाणी बारीक ठिपके होते. मी विचारलं, हे काय? “गावं,” ते म्हणाले. “त्यांच्यावर कुणी सोंगटी ठेवायची नाही.” का ते कुणी विचारलं नाही. इस्माईलभाईंचा जिनसुद्धा त्या ठिपक्यांना वळसा घालून जात होता.

काही महिन्यांनी वकिलांनीच चाचरत सुचवलं, की जुना पटही अधूनमधून काढावा. त्यात जिंकल्यावर जिंकल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांनी मान डोलावली. तेव्हापासून एक रविवार खरा आणि एक रविवार खोटा, असं ठरलं. खऱ्या रविवारी इस्माईलभाई कुरकुरायचे, खोट्या रविवारी वकील. डॉक्टर दोन्ही रविवारी सारख्याच मन लावून फासा टाकायचे.

चौऱ्याहत्तर संपता संपता त्यांची राहात्याकडे बदली झाली. त्याच सुमारास माझं लग्न ठरलं आणि मी श्रीगोंदा सोडलं. वहिनींची खुशाली कधीमधी कळायची. डॉक्टर काही लिहिणाऱ्यातले नव्हते.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते बऱ्याच वर्षांनी, नगरला. मी एसटीत खिडकीशी बसले होते आणि स्टेशन रोडला पुढे काही तरी अडल्यामुळे गाडी थांबली होती. रस्त्याच्या कडेला मोकळं मैदान होतं. तिथे एक म्हातारा टांगेवाला टांगा सोडून उभा होता आणि त्याच्या घोडीचा दोर धरून एक माणूस तिला दुडक्या चालीने पळवत होता. लंगडणारा पाय कुठला ते जनावर पळताना कळतं, आणि टांगेवाल्याला तर स्वतःच पळता येत नसणार. केस पांढरे झालेले, पोट जरा सुटलेलं, एका पायातली चप्पल मागे मैदानात पडलेली. पळता पळता ते मान वळवून ओरडत होते, “मागचा डावा बघा, चाचा! माझ्याकडं नको, तिच्या पायाकडं बघा!”

मी खिडकीतून हात बाहेर काढला. हाक तोंडाशी आली होती. पण घोडी नेमकी तेव्हाच चालीला लागली, आणि ते तिच्या जोडीने इतके रंगून पळत होते, की मला हाक मारवेना. गाडी सुरू झाली. मैदानाच्या टोकाशी पोचून ते वळले आणि न थांबता पुन्हा पळत निघाले.